‘हॅनिबल’: अकरा वर्षांची वाट आणि न पटलेला शेवट

हॅनिबल लेक्टर या नरभक्षक मानसोपचारतज्ज्ञाची गोष्ट पुढे नेणारी थॉमस हॅरिस यांची तिसरी कादंबरी ‘हॅनिबल’ जून १९९९मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या वाचकांनी तब्बल अकरा वर्षे वाट पाहिलेली होती. पुस्तक हातोहात खपले आणि वाचून संपताच भांडणाला तोंड फुटले. भयकथाकार स्टीफन किंग यांनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या ग्रंथपुरवणीत तिची मनापासून स्तुती केली आणि भयकथेच्या लोकप्रिय परंपरेत तिला थेट ‘द एक्झॉर्सिस्ट’च्या शेजारी बसवले. त्यानंतर काही महिन्यांतच इंग्रज कादंबरीकार मार्टिन एमिस यांनी याच पुस्तकाची अशी काही चिरफाड केली की, इंग्रजी वाक्यांचाच खून पाडणारा लेखक अशी हॅरिस यांची संभावना झाली. सामान्य वाचकही असेच दुभंगले. ज्यांनी आधीची दोन पुस्तके पारायणे करून वाचली होती, त्यांच्यापैकी अनेकांना शेवटची पाने वाचून फसवणूक झाल्यासारखे वाटले, तर काहींच्या मते लेखकाने प्रथमच खरे बोलण्याचे धाडस केले होते. या मतभेदाचे खापर बहुधा त्या शेवटावर फोडले जाते. मला मात्र त्याचे बीज आधीच्या दोन पुस्तकांतच पडलेले दिसते, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

हॅरिस मूळचे पत्रकार. टेक्सासमधील वेको येथील वृत्तपत्रात आणि पुढे न्यू यॉर्कमध्ये असोसिएटेड प्रेसमध्ये त्यांनी नोकरी केली. ऐन तेविशीत एका मासिकाच्या कामासाठी ते मेक्सिकोतील मॉंतेर्रेच्या तुरुंगात गेले होते. तिथे फाशीची शिक्षा झालेल्या एका अमेरिकी कैद्याची त्यांना मुलाखत घ्यायची होती. पळून जाण्याच्या प्रयत्नात या कैद्याला गोळी लागली होती आणि तुरुंगातल्याच एका डॉक्टरने त्याचा जीव वाचवला होता, म्हणून हॅरिस या डॉक्टरलाही भेटले. ठेंगणा, सडपातळ, गडद तांबूस केसांचा आणि विलक्षण स्थिर उभा राहणारा हा माणूस उत्तरे देता देता स्वतःच प्रश्न विचारू लागला. कैद्याचा विद्रूप चेहरा पाहताना तुम्हाला काय वाटले, मारल्या गेलेल्यांची छायाचित्रे पाहिलीत का, ते दिसायला देखणे होते का, असे ते प्रश्न होते. निघताना हॅरिस यांनी तुरुंगाधिकाऱ्याला विचारले की, हे डॉक्टर इथे किती वर्षे नोकरीला आहेत. तो डॉक्टर नोकर नव्हता, खुनी होता. त्याने आपल्या बळीचे प्रेत आश्चर्य वाटावे इतक्या लहान खोक्यात बसवले होते, असे त्या अधिकाऱ्याने सांगितले. हॅरिस यांनी ही हकीकत ‘डॉ. सालाझार’ या बदललेल्या नावाने २०१३मध्ये, म्हणजे ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’च्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिली. त्या तुरुंगात जे घडले, तेच पुढे वाचकांच्या बाबतीत घडले. माणूस कोण आहे हे कळण्याआधीच तो आवडून गेलेला असतो.

१९८१च्या ‘रेड ड्रॅगन’मध्ये हॅनिबल लेक्टर प्रथम आला तो केवळ काही प्रकरणांपुरता. बाल्टिमोरच्या मनोरुग्ण गुन्हेगारांच्या रुग्णालयात जाळीपलीकडे बसलेला हा मानसोपचारतज्ज्ञ त्या कादंबरीचा खलनायकही नाही. घरेच्या घरे मारणारा खुनी दुसराच आहे, आणि त्याला शोधणाऱ्या विल ग्रॅहॅमला लेक्टरच्या बुद्धीची मदत हवी आहे. १९८८च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’मध्ये हाच साचा पुन्हा वापरला आहे, पण जाळीच्या अलीकडे आता एफबीआयची शिकाऊ तरुणी क्लॅरिस स्टार्लिंग आहे. पहिल्याच भेटीत लेक्टर तिच्या त्वचेवरच्या क्रीमचा वास ओळखतो, ती एरवी कोणते अत्तर वापरते आणि आज ते लावलेले नाही हेही सांगतो, आणि मग तिची चांगली पर्स आणि स्वस्त बूट यांवरून तिचे गाव, तिचे घराणे, तिची गरिबी आणि त्यातून वर येण्याची धडपड दोन वाक्यांत उघडी पाडतो. हे क्रूर आहे, पण या पुस्तकात स्टार्लिंगकडे इतक्या लक्षपूर्वक दुसरे कोणीही पाहिलेले नाही. बाकीचे पुरुष एक तर तिच्याकडे टक लावून बघतात किंवा तिला कामापुरते वापरतात. वाचकाची सहानुभूती नकळत कुठे सरकते, ते इथे दिसते.

या आकर्षणाला त्या दोन पुस्तकांत दोन कुंपणे होती. पहिले कुंपण म्हणजे गज. लेक्टर कैदेत होता आणि सुटल्यावर तो पुस्तकात फारसा दिसत नाही, त्यामुळे त्याच्यावर लोभ जडवण्याची किंमत वाचकाला मोजावी लागत नव्हती. दुसरे कुंपण म्हणजे गूढ. तुमच्यावर काय आघात झाला म्हणून तुम्ही असे झालात, या धाटणीच्या प्रश्नाला लेक्टर स्टार्लिंगसमोर साफ झिडकारतो. आपल्या बाबतीत काही घडले नाही, आपणच घडलो, असा त्याचा पवित्रा आहे. ‘हॅनिबल’ने ही दोन्ही कुंपणे मोडली. वाचक दुखावले ते यामुळे.

मधल्या अकरा वर्षांत सिनेमानेही आपला वाटा उचलला होता. त्याआधीच, १९८६मध्ये, मायकेल मान यांनी ‘रेड ड्रॅगन’वर काढलेला ‘मॅनहंटर’ तिकीटबारीवर फारसा चालला नाही. निर्माते डिनो डी लॉरेंटिस यांनी मग पुढच्या चित्रपटासाठी लेक्टर हे पात्र मोबदला न घेताच वापरू दिले. फेब्रुवारी १९९१मध्ये प्रदर्शित झालेल्या जोनाथन डेमी यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ या चित्रपटाने चित्र, दिग्दर्शन, पटकथा, अभिनेता आणि अभिनेत्री अशी पाचही प्रमुख ऑस्कर पारितोषिके मिळवली. त्याआधी हा मान १९३४च्या आणि १९७५च्या अशा दोनच चित्रपटांना मिळाला होता. लेक्टर झालेले अँथनी हॉपकिन्स पडद्यावर थोडाच वेळ दिसतात, तरी लोकांच्या लक्षात चित्रपट राहिला तो त्यांचाच. लेक्टरची नक्कल विनोदी कार्यक्रमांत होऊ लागली, त्याचा मुखवटा बाजारात विकला जाऊ लागला. नरभक्षक खुनी घराघरातला ओळखीचा माणूस झाला. तिसरी कादंबरी उघडणाऱ्या वाचकाच्या मनात पुस्तकातला लेक्टर जेवढा होता तेवढाच हॉपकिन्स यांचाही होता, आणि स्टार्लिंग म्हणजे तर पडद्यावर ती भूमिका करणारी अभिनेत्री जोडी फॉस्टरच.

हॅरिस यांनी सत्तरीच्या दशकानंतर मुलाखती देणे जवळपास थांबवले होते, त्यामुळे ते काय लिहीत आहेत हे कोणाला फारसे ठाऊक नव्हते. या काळात त्यांनी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये चाललेल्या एका खटल्याला हजेरी लावली. त्या शहराच्या परिसरात १९६८ ते १९८५ या काळात जोडप्यांचे खून होत राहिले होते आणि ‘फ्लॉरेन्सचा राक्षस’ म्हणून गाजलेल्या या प्रकरणात पिएत्रो पाच्चानी या शेतमजुरावर १९९४मध्ये खटला चालला. त्याला दोषी ठरवले गेले आणि अपिलात १९९६मध्ये तो सुटला. ‘हॅनिबल’चा मधला भाग या शहरात घडतो. लेक्टर तिथे डॉ. फेल या नावाने एका जुन्या वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची देखरेख करतो, आणि राक्षसाच्या प्रकरणात बदनाम झालेला पोलीस अधिकारी रिनाल्डो पाझ्झी त्याला ओळखून इनामाच्या लोभाने विकायला निघतो.

पाझ्झी हे आडनाव हॅरिस यांनी उगीच निवडलेले नाही. २६ एप्रिल १४७८ रोजी फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये शहराची सत्ता हाती असलेल्या मेदिची बंधूंवर हल्ला करणाऱ्या कटात हे घराणे होते. धाकटा जुलियानो मेला, थोरला लोरेन्झो वाचला, आणि त्याच दिवशी फ्रान्चेस्को दे पाझ्झीला नगरसभेच्या वाड्याच्या खिडकीतून गळफास लावून लोंबकळत सोडण्यात आले. त्याच्या शेजारी आर्चबिशप साल्व्हियातीलाही लटकवले गेले, आणि त्याने मरता मरता पाझ्झीच्या अंगाचा कडाडून चावा घेतला, असे त्या काळच्या वृत्तांतात नोंदले आहे. बोत्तिचेल्लीने या फाशी गेलेल्यांची चित्रे सरकारी भिंतीवर रंगवली होती. कादंबरीत लेक्टर आपल्याला विकू पाहणाऱ्या पाझ्झीला पूर्वजाचा हा सगळा इतिहास साग्रसंगीत ऐकवतो आणि त्याच वाड्यावरून, तशाच रीतीने, त्याला खाली सोडतो. हा भाग हॅरिस यांच्या लेखनातला सर्वांत ऐश्वर्यवान आहे, यावर दोन्ही पक्षांचे बहुतेक वाचक एकमत होतील. मात्र इथेच एक गोष्ट गुपचूप बदलते. लेक्टर आता नुसता मोकळा नाही, तर तो शिकार झालेला आहे, आणि त्याच्यामागे लागलेले लोक त्याच्याहून घाणेरडे आहेत. त्याच्यामुळे चेहरा गमावलेला, मुलांना छळण्यात आनंद मानणारा अब्जाधीश मेसन व्हर्जर त्याला रानडुकरांना जिवंत खायला घालण्याची तयारी करतो आहे. न्याय खात्यातला पॉल क्रेंडलर लाच खाऊन स्टार्लिंगची नोकरी उद्ध्वस्त करतो. अशा संगतीत वाचक खुन्याची बाजू घेतो आणि ती घेताना त्याला फारसे अवघडही वाटत नाही.

मग येतो तो शेवट. स्टार्लिंग व्हर्जरच्या तावडीतून लेक्टरला सोडवते, त्या झटापटीत गुंगीच्या औषधाची सुई तिला लागते आणि लेक्टर तिला उचलून आपल्या भाड्याच्या घरी नेतो. औषधे आणि संमोहन यांच्या साहाय्याने तो तिच्या मनात शिरतो, तिच्या मृत वडिलांची हाडे तिच्यासमोर मांडतो, आणि एका सुंदर मांडलेल्या मेजवानीत जिवंत क्रेंडलरच्या मेंदूचे काप परतून दोघेही खातात. पुढे काही वर्षांनी ब्युनोस आयर्सच्या भव्य नाट्यगृहात ते जोडप्यासारखे दिसतात. आता औषधांचा प्रभाव कधीचाच उरलेला नाही, असे निवेदक बजावून सांगतो. तिला मनापासून हे हवे आहे की तिची घडणच मोडून नवी केली गेली आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र हॅरिस यांनी मुद्दाम निसटते ठेवले आहे.

विरोध करणाऱ्यांचा राग इथे समजण्यासारखा आहे. कष्टाने वर आलेली, पुरुषी खात्यात आपल्या हिमतीवर उभी राहिलेली नायिका शेवटी खुन्याच्या वाड्यातली दागिन्यांनी मढलेली सखी व्हावी, हे त्यांना तिच्या पहिल्या पुस्तकातल्या प्रत्येक पावलाचा अपमान वाटले. समर्थकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. ज्या संस्थेसाठी तिने सात वर्षे जिवावर उदार होऊन काम केले, तिनेच तिला बळीचा बकरा बनवले होते, आणि तिची खरी किंमत ओळखणारा माणूस पहिल्या भेटीपासून एकच होता. आणखी एक गट होता, ज्याचा आवाज त्या गदारोळात फारसा उठला नाही, पण मला त्याचे म्हणणे अधिक टोकदार वाटते. त्याला प्रेमप्रकरण खटकले नाही, स्पष्टीकरण खटकले. या पुस्तकात लेक्टरला मिशा नावाची धाकटी बहीण मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पूर्व युरोपात पळपुट्या सैनिकांनी तिला मारून खाल्ले, अशी तिची कथा आहे. आपण घडलो, आपल्याला कोणी घडवले नाही, असे म्हणणाऱ्या माणसाला अचानक एक जखमी बालपण चिकटले. राक्षसाला कारण मिळाले की तो रुग्ण होतो, आणि रुग्णाची कीव करता येते, पण त्याची भीती वाटेनाशी होते.

तुलनेसाठी पॅट्रिशिया हायस्मिथ यांचा टॉम रिप्ली आठवतो. १९५५मध्ये आलेल्या या गोड, सुसंस्कृत खुन्याची दुसरी कादंबरी १९७०मध्ये निघाली आणि एकूण पाच झाल्या. तिथे असा भडका उडाला नाही, कारण वाचक पहिल्या पानापासून रिप्लीच्या डोक्यात बसलेला होता. त्याने कोणाशी सौदा केला आहे हे त्याला माहीत होते. लेक्टरच्या वाचकाला हा सौदा तिसऱ्या पुस्तकात समोर मांडून सही करायला सांगितले गेले.

सिनेमावाल्यांनी त्या सहीतून अंग काढून घेतले. डी लॉरेंटिस यांनी हक्कांसाठी सुमारे १ कोटी डॉलर मोजल्याचे सांगितले जाते, पण डेमी आणि फॉस्टर दोघेही या कथेपासून दूर राहिले. २००१च्या रिडली स्कॉट यांच्या चित्रपटात स्टार्लिंग झालेली ज्युलिअन मूर शेवटपर्यंत पोलीसच राहते. ती लेक्टरच्या हाताला आपल्यासोबत बेडी ठोकते, आणि तो तिचा हात तोडण्याऐवजी स्वतःचा तोडून पळतो. गंमत म्हणजे ज्या वर्षी कादंबरी आली त्याच १९९९च्या सप्टेंबरमध्ये ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’वर बेतलेला ‘संघर्ष’ हा हिंदी चित्रपट आपल्याकडे लागला, आणि त्यात कैदी आणि अधिकारी तरुणी यांचे प्रेम कोणाला धक्का न देता जमून गेले. कारण हिंदी पटकथेने कैद्यातला नरभक्षक आधीच काढून टाकला होता आणि अक्षय कुमारला शेवटी प्रीती झिंटाच्या मांडीवर प्राण सोडायला लावून हिशेब चुकता केला होता. हॅरिस यांनी नेमके हेच करायचे नाकारले.

मिशाची कथा पुढे २००६मध्ये ‘हॅनिबल रायझिंग’ या पूर्वकथेत सविस्तर आली. ती तुम्ही लिहिली नाही तर दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ, असे आपण हॅरिस यांना सांगितल्याचे डी लॉरेंटिस यांनी स्वतःच सांगितले आहे, आणि पुस्तक वाचताना ती ओढाताण जाणवते. स्तुती करणारा पक्ष या वेळी फारच रोडावला. उलट, २०१३ ते २०१५ या काळात तीन हंगाम चाललेल्या ‘हॅनिबल’ या दूरचित्रवाणी मालिकेत मॅड्स मिकेल्सन यांचा लेक्टर आणि विल ग्रॅहॅम यांच्यातले प्रेमासारखेच भासणारे नाते प्रेक्षकांच्या एका गटाने डोक्यावर घेतले. त्या मालिकेत फ्लॉरेन्स आले, पाझ्झी आला, व्हर्जर आला, फक्त क्लॅरिस आली नाही, कारण तिचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे होते. २०२१मध्ये त्या दुसऱ्या बाजूने ‘क्लॅरिस’ ही मालिका काढली, तेव्हा तिथे नेमके उलटे झाले. कथा डेमी यांच्या चित्रपटानंतर वर्षभरातली असूनही तिच्या एकाही पात्राला लेक्टरचे नाव उच्चारता येत नव्हते.