पार्श्वभूमी : हिरड्यांतले जिवाणू, मेंदू आणि रक्तदाब

हिरड्यांच्या जुनाट आजाराचा रक्तदाबाशी काही संबंध असावा, ही शंका तशी जुनी. या दोहोंच्या मधे मेंदू कुठे बसतो, हा प्रश्न मात्र अलीकडचा आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये दोन्ही आजारांचे रुग्ण भरपूर भेटतात. त्यांच्यात तंबाखूही मिसळलेली असते: सकाळची मिश्री, खिशातली पुडी, सातपुड्याच्या पायथ्याकडे बिडी. म्हणूनच या संशोधनात कोणत्या वर्षी काय ठरलं आणि त्याचा लोकांनी काय अर्थ घेतला, हे इथे नीट समजून घ्यायला हवं.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या एका वैद्याने तोंडातला पू हे अनेक आजारांचं मूळ असल्याचं मांडलं. अमेरिकेत या मताची लाट आली आणि सांधेदुखीपासून मनोविकारापर्यंत कशासाठीही सरसकट दात उपटले जाऊ लागले. दात गेले, आजार तसेच राहिले. १९४०च्या दशकापर्यंत हे मत मागे पडलं, पण त्या अतिरेकाचा धसका वैद्यकाने इतका घेतला की तोंडाचा बाकीच्या शरीराशी संबंध जोडणाऱ्याकडे पुढे कितीतरी वर्षं संशयाने पाहिलं गेलं. १९८९ मध्ये फिनलंडमधल्या एका अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात आणि हिरड्या इतरांपेक्षा खराब आढळल्या, तेव्हा हा विषय पुन्हा उघडला.

ज्या जिवाणूभोवती आजची बहुतेक चर्चा फिरते तो पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस. रक्त मिसळलेल्या थाळीवर त्याच्या वसाहती काही दिवसांत काळ्या पडतात. १९२१ मध्ये या गटाचं पहिलं वर्णन झालं तेव्हा तो काळा रंग मेलॅनिनचा समजला गेला. प्रत्यक्षात ते रक्तातलं हीम, म्हणजे लोह असलेलं रंगद्रव्य असतं, जिवाणूने स्वतःच्या अंगावर साठवलेलं. या जिवाणूला लोह लागतं, आणि ते त्याला रक्त येणाऱ्या हिरडीतून आयतं मिळतं. त्याची जिंजिपेन नावाची विकरं (एन्झाइम) प्रथिनं तोडतात, हिरडीचा दाह वाढतो, रक्त आणखी येतं आणि त्याचं अन्न वाढतं. संख्येने थोडा असूनही तो बाकीच्या जिवाणूंचा समतोल बिघडवतो, ही मांडणी २०१२ची.

हा आजार बहुतेक वेळा दुखत नाही, ही त्याची सगळ्यात वाईट बाजू. आमच्याकडे दातांच्या बाह्यरुग्ण विभागात अहिराणीत जी तक्रार कानावर पडते ती अशीच असते : 'दात हालतस, पन दुखत नही.' दात हलायला लागेपर्यंत आतलं हाड झिजलेलं असतं. डॉक्टर खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या खाचेत उतरवून मापं सांगत जातात आणि मदतनीस लिहून घेते : तीन, तीन, पाच, सहा, सात. निरोगी हिरडीत ही खाच १ ते ३ मिलिमीटर असते. सळई काढल्यावर त्या जागी रक्ताचा थेंब उभा राहतो. अशा सगळ्या खाचांच्या आतलं दाह झालेलं अस्तर पसरून मोजलं, तर ते साधारण ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरतं, म्हणजे मोठ्या आजारात जवळपास काडेपेटीच्या एका बाजूएवढं. एवढा भाग वर्षानुवर्षं उघडा राहतो. चावताना, दात घासताना त्यातून थोडे जिवाणू रक्तात जातात, आणि दाहाची रसायनं तर सतत जात असतात. बिडी ओढणाऱ्याच्या बाबतीत तो रक्ताचा थेंबही नीट दिसत नाही, कारण धुराने हिरडीतल्या रक्ताची खूण झाकली जाते.

आता मेंदू. १८६६ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला सशाच्या छातीतून मेंदूकडे जाणारी एक चेता, म्हणजे नस (नर्व्ह), सापडली. ती उद्दीपित केली की रक्तदाब खाली यायचा. पुढच्या काही वर्षांत त्याच प्रयोगशाळेत रक्तवाहिन्या आवळून धरणारं केंद्र मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत असल्याचं दिसलं. १९२०च्या दशकात मानेतल्या रोहिणीच्या (शुद्ध रक्ताच्या वाहिनीच्या) फुगीर भागातले दाबसंवेदक समजले. दाब वाढला की तिथून लंबमज्जेला संदेश जातो आणि मेंदू हृदयाला आवरतो, वाहिन्या सैल सोडतो. खाटेवरून उठून उभं राहताना आपल्याला भोवळ येत नाही, ती याच व्यवस्थेमुळे.

१९५६चा एक निष्कर्ष आजच्या चर्चेच्या मुळाशी आहे. मूत्रपिंडाच्या बिघाडातून दीर्घकाळ रक्तदाब वाढलेल्या कुत्र्यांमध्ये हे संवेदक बंद पडलेले नव्हते. ते चालू होते, पण वाढलेल्या दाबालाच सामान्य मानत होते. म्हणजे रक्तदाब कायमचा चढा राहतो, तेव्हा कुठेतरी नवी पातळी ठरलेली असते आणि शरीर तीच राखत बसतं. मग ही पातळी कोण हलवतं? २००० नंतरच्या प्राण्यांवरच्या कामात एक उत्तर वारंवार आलं : दाह. २०१०च्या एका प्रयोगात उच्च रक्तदाबाच्या उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाजवळच्या नियमन करणाऱ्या भागात, मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, चेतवलेल्या दिसल्या. त्यांना शांत करणारं औषध मेंदूत दिल्यावर रक्तदाब उतरला. मेंदूला रक्तापासून अलग ठेवणारा अडसर काही मोजक्या जागी नसतोच, आणि त्यातल्या काही जागा तहान, मीठ आणि रक्तदाब यांच्या नियमनाशी जोडलेल्या आहेत. शरीरात कुठेही पेटलेला दाह तिथे जाणवतो. छाती-पोटातून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस चेता हा दुसरा रस्ता. हिरडीचा आजार रक्तदाबाच्या चर्चेत शिरला तो इथून. जिवाणू स्वतः मेंदूत पोचलाच पाहिजे अशी यात अट नाही, त्याने पेटवलेल्या दाहाची खबर पोचली तरी पुरे. प्रयोगातल्या प्राण्यांच्या दाढांना दोरा बांधून हिरडीचा आजार निर्माण करतात आणि त्यांच्या रक्तदाबातले चढउतार, हृदय वेगाने चालवणाऱ्या आणि वाहिन्या आवळणाऱ्या अनुकंपी चेतांची हालचाल मोजतात. गेल्या काही वर्षांत हे काम वाढलं आहे.

आता २०१२ चा निर्णय. त्यावर जरा थांबतो, कारण माझ्या मते पुढची काही वर्षं त्याच्या चुकीच्या वाचनात गेली.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या सगळ्यात वजनदार संघटनेने पाचशेच्या आसपास शोधनिबंध चाळून एक निवेदन काढलं. त्यात मुख्य वाक्यं तीन होती. हिरड्यांचा आजार आणि रक्तवाहिन्यांत मेद साचून होणारा आजार यांचा संबंध आहे, आणि तो धूम्रपान, मधुमेह वगैरे ज्ञात कारणं वजा केल्यावरही उरतो. हा संबंध कार्यकारणाचा असल्याला मात्र आधार नाही. आणि हिरड्यांच्या उपचाराने दाह थोडा काळ कमी होत असला, तरी त्याने हृदयरोग टळतो असा पुरावा नाही. दंतवैद्यांच्या तिथल्या मोठ्या संघटनेनेही याला संमती दिली.

वाक्यं काळजीपूर्वक लिहिलेली होती. बातम्यांमध्ये मात्र त्यातलं दुसरं तेवढं आलं, आणि तेही 'हिरड्या आणि हृदयाचा संबंध नाही' अशा रूपात. पहिलं वाक्य याच्या नेमकं उलट सांगत होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पेनमधल्या सेगोव्हियात युरोप आणि अमेरिकेचे हिरडीतज्ज्ञ एकत्र बसले. पुरावा साधारण तोच होता. त्यांनी लिहिलं की हिरड्यांच्या आजाराने पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो याचा लोकसंख्येच्या अभ्यासांतला पुरावा सातत्यपूर्ण आणि भक्कम आहे, उपचाराबाबत मात्र आणखी चाचण्या हव्यात. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले तर विसंगती फारशी दिसत नाही. फरक आहे तो भर कशावर दिला याचा.

निवेदन काढणाऱ्यांची बाजू कमकुवत नव्हती. सरसकट दात उपटण्याचा इतिहास त्यांच्यासमोर होता, आणि दातांच्या काही दवाखान्यांतून 'हिरड्या साफ करा, हार्ट अटॅक टाळा' असा प्रचारही सुरू झाला होता. तंबाखूचा गुंता तर खराच. मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरड्या त्या तंबाखूने मागे सरकतात, आणि त्याच तंबाखूतलं निकोटिन तिचा रक्तदाब चढवतं. मग हिरडीने रक्तदाब वाढवला म्हणायचं की दोन्ही मिश्रीने केलं? गरिबी, मीठ, साखर, उशिरा दवाखाना गाठणं, या सगळ्यांचंही तसंच. कार्यकारण म्हणायला नकार देणं बरोबरच होतं, असं मला वाटतं.

माझी तक्रार दुसरी आहे. ते निवेदन मेद साचलेल्या रक्तवाहिन्यांबद्दल होतं. रक्तदाब हा वेगळा प्रश्न, आणि मेंदूकडून होणारं त्याचं नियमन तर त्याहून वेगळा. झटका टळला की नाही हे कळायला हजारो माणसं आणि अनेक वर्षं लागतात, रक्तदाब दोन महिन्यांत मोजता येतो. २००७ मध्येच १२० रुग्णांच्या एका चाचणीत दिसलं होतं की हिरड्यांच्या सखोल सफाईनंतर पहिल्या २४ तासांत रक्तवाहिन्यांची सैल पडण्याची क्षमता घटते आणि सहा महिन्यांनी ती आधीपेक्षा सुधारलेली असते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ६५३ लोकांच्या अभ्यासात हिरडीच्या आजाराचे जिवाणू जास्त असलेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ९ने अधिक भरला. एका आजाराबद्दल 'पुरावा नाही' म्हटलं गेलं, ते दुसऱ्या आजारावरही आपोआप चिकटलं. खुद्द निवेदनात तसं काही नव्हतं, पण वाचणाऱ्यांनी तसं धरलं, आणि फिजिशियनच्या तपासणीत हिरडी बाहेरच राहिली.

२०१९ पासून चित्र बदललं. पोलंडमधल्या एका चाचणीत रक्तदाब आणि हिरडीचा आजार दोन्ही असलेल्या १०१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची हिरडीखालची सखोल सफाई झाली, दुसऱ्याची वरवरची. दोन महिन्यांनी सखोल सफाई झालेल्या गटाचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ११ने कमी भरला. हे रक्तदाबाच्या एका गोळीच्या तोडीचं आहे. त्याच निबंधात जनुकांच्या आधारे केलेलं विश्लेषणही कार्यकारणाच्या बाजूने गेलं. चाचणी लहान, एकाच ठिकाणची आणि दोन महिन्यांची, हे विसरून चालणार नाही. २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा संयत आहे : मध्यम ते तीव्र आजारात उच्च रक्तदाब असण्याची शक्यता २२ टक्क्यांनी जास्त, तीव्र आजारात ४९ टक्क्यांनी.

जिवाणू मेंदूपर्यंत पोचतो का, यावरही २०१९ मध्येच मोठी बातमी झाली. अल्झायमरने गेलेल्यांच्या मेंदूत जिंजिपेन सापडल्याचं प्रसिद्ध झालं. ते विकर रोखणाऱ्या औषधाची ६४३ जणांवरची चाचणी २०२१ मध्ये स्मरणशक्तीच्या मुख्य निकषांवर अपयशी ठरली. तो प्रश्न रक्तदाबाचा नव्हता. पण मेंदूत जिवाणूची खूण सापडणं आणि त्यानेच आजार होणं यात किती अंतर असतं, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

तोंडातले सगळे जिवाणू शत्रू नाहीत, हेही याच काळात पुढे आलं. जिभेवरचे काही जिवाणू पालेभाजीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि वाहिन्या सैल पडतात. २०१३ मध्ये १९ निरोगी लोकांनी आठवडाभर जंतुनाशक माउथवॉश वापरलं, तेव्हा त्यांचा रक्तदाब २ ते ३.५ने चढला. म्हणून बीपीसाठी मेडिकलमधून बाटली आणून रोज गुळण्या करणं हा या संशोधनाचा अर्थ नव्हे. खाचेतलं कीटण, म्हणजे दातांवर साचलेला जिवाणूंचा थर, काढण्याचं काम गुळणी करत नाही.

आपल्याकडे तिशी ओलांडलेल्यांची आरोग्य केंद्रांवर बीपी, साखर आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. तोंड उघडून पांढरा-लाल चट्टा, न भरणारा व्रण, तोंड कमी उघडणं हे पाहतात. हिरडीची खाच मोजणं त्यात नाही. त्याच केंद्रातून बीपीसाठी जी गोळी बहुतेकदा दिली जाते, त्या अम्लोडिपिनमुळे काही रुग्णांच्या हिरड्या वाढतात. या जातीच्या औषधांचा हा परिणाम १९८०च्या दशकात प्रथम लक्षात आला. वाढलेल्या हिरडीखाली कीटण साचतं आणि तिथे दाह सुरू होतो. त्यामुळे बीपीची गोळी घेणारा माणूस सुजलेल्या हिरड्या घेऊन आला, तर सूज जिवाणूंची, गोळीची की मिश्रीची हे आधी पाहावं लागतं. गोळी बदलायची झाल्यास ती डॉक्टरांनीच बदलायची असते, रुग्णाने मनाने बंद करायची नसते.