वाचा, भाषा व संवाद साहाय्य (खानदेश)

बोलताना, ऐकलेले समजून घेताना किंवा मनातले सांगताना ज्या मुलांना अडचण येते, त्यांना घर, अंगणवाडी, शाळा व वाचोपचारतज्ज्ञ मिळून देतात ती मदत. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत तिची सुरुवात एका प्रश्नाने व्हायला हवी : मूल खरेच अडते आहे, की आपल्या बोलीत बोलते आहे?

खानदेशातल्या अहिराणी बोलीत ‘ळ’चा ‘य’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. ‘केयी’, ‘डोया’, ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाच्या जिभेत काही दोष नसतो. घरात ऐकले तेच ते बोलते. पावरी, मावची किंवा भिली या आदिवासी बोली बोलणारे मूल पहिलीच्या मराठी वर्गात महिनोन्महिने गप्प राहते, तेव्हा त्याला मतिमंद ठरवणे हा अन्यायच आहे. खरी भाषिक अडचण घरच्या बोलीतही दिसते, म्हणून तपासणी त्या बोलीत झाली पाहिजे; किमान आईला किंवा आजीला विचारून तरी. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. ‘घरी मराठीच बोला’ हा सल्ला मुलाला ज्या भाषेत माया मिळते, तीच हिरावून घेतो.

वर्षाच्या सुमारास पहिला शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोड अपेक्षित असते. तसे न झाल्यास आधी कान तपासावेत. ‘बापही उशिरा बोलला होता’ म्हणत थांबण्यात मोलाचा काळ जातो. कमी ऐकू येणे, फाटलेला टाळू, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे), स्वमग्नता (ऑटिझम) अशी कारणे वेगवेगळी असतात. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत मुलांची तपासणी करतात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे.

सातपुड्यातल्या पाड्यावरून दर आठवड्याला जिल्ह्याच्या गावी येणे कठीण, आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे उपचार मध्येच सुटतात. म्हणून घरच्यांना शिकवणे हाच खरा उपचार. मूल ‘पानी’ म्हणाले की आईने ‘थंडं पानी जोयजे?’ (थंड पाणी हवे?) असे एक-दोन शब्द वाढवून म्हणावे आणि उत्तरासाठी थांबावे. तोतऱ्या मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये. न बोलणाऱ्याला बोट दाखवून मागता यावे म्हणून भाकर, पाणी, शेळी, आई यांची चित्रे द्यावीत. चित्रांमुळे बोलणे खुंटत नाही. मागितलेले मिळते हे मुलाला कळते आणि ते पुन्हा मागू लागते.