साताऱ्याची गादी किल्ल्यावरून खाली कशी उतरली

साताऱ्यात तिकीट काढून दालनं बघत फिरावं असा सजवलेला राजवाडा नाही. 'राजवाडा' म्हटलं की सातारकराच्या डोळ्यांसमोर आधी एसटीचा थांबा आणि चौपाटीवरच्या खाण्याच्या गाड्या येतात, मग त्यामागची इमारत. बाहेरून आलेला माणूस इथे हिरमुसतो. पण ही मराठ्यांची राजधानी होती, मग राजवाडे असे का, हे कळलं तर शहर नीट बघता येतं. त्यासाठी सुरुवात वरून, अजिंक्यताऱ्यापासून करावी. इथली सत्ता डोंगरावरून टप्प्याटप्प्याने खाली आली आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी कमी होत गेली.

किल्ला मूळचा शिलाहारांचा. दुसऱ्या भोजाने तो 1190 च्या सुमारास बांधला. पुढे बहमनी आणि मग आदिलशाही काळात तो मुख्यतः तुरुंग म्हणून वापरला गेला; विजापूरची चांदबिबीही इथे कैदेत होती. शिवाजी महाराजांनी तो 1673 मध्ये घेतला. राजधानीचा मान मात्र राजाराम महाराजांमुळे मिळाला. जिंजीहून परतल्यावर 1698 मध्ये त्यांनी गादी इथे आणली, आणि वर्षभरातच औरंगजेब स्वतः पायथ्याशी येऊन बसला.

1699 च्या डिसेंबरात वेढा पडला. बादशहाचा तळ उत्तरेला करंज्याजवळ, शहाजादा आझम पश्चिमेला, शिर्झेखान दक्षिणेला आणि तोफखान्याचा तरबियतखान पूर्वेला. वर किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. साताऱ्याचा कातळ काळा बसाल्ट. त्याच्यावर तोफांचा फारसा परिणाम होईना, म्हणून मंगळाई बुरुजाच्या बाजूने सुरुंग खणायला घेतले. 13 एप्रिल 1700 ला दोन सुरुंग उडवले. पहिल्याने तट आतल्या बाजूला कोसळला. त्यात गाडले गेलेले प्रयागजी ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. दुसऱ्याच्या वेळी नेमकं उलटं झालं. हल्ल्यासाठी सज्ज असलेलं मोगल सैन्य बुरुजाच्या अगदी बुडाशी दाटीने उभं होतं, आणि दगड आत न पडता उतारावरून त्यांच्याच अंगावर आले. दीड-दोन हजार माणसं एका क्षणात गेली. मंगळाईच्या देवळासमोरच्या बुरुजावर उभं राहून खालचा उतार बघितला की हे कसं घडलं ते लगेच लक्षात येतं: तिथे माणसाला बाजूला सरायला जागाच नाही.

तरीही किल्ला आठवड्याभरात, 21 एप्रिलला गेला. राजाराम महाराज 3 मार्चला सिंहगडावर वारले होते आणि वरचं धान्य सरत आलं होतं. बादशहाने नाव ठेवलं आझमतारा. ताराबाईंच्या माणसांनी 1706 मध्ये तो परत घेतला आणि 'अजिंक्यतारा' हे नाव तेव्हापासूनचं, असं सांगतात.

मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांनी मात्र हाच किल्ला सुरुंगाशिवाय मिळवला. ताराबाईंच्या बाजूने किल्ला सांभाळणाऱ्या शेख मिराची बायकामुलं वाईला होती. त्यांना ताब्यात घेऊन तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली आणि दरवाजा उघडला. 12 जानेवारी 1708 ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

गादी खाली आली ती याच शाहूंच्या काळात. कारण सरळ होतं. गडावरची तळी पावसावर भरतात. शिबंदी, म्हणजे गडावरचे शिपाई, त्यावर भागते. दरबार, कारकून, सावकार, घोडे, हत्ती भागत नाहीत. शाहूंनी पायथ्याला शहर वसवलं, शाहूनगर. उतारावरची माची पेठ आणि तिच्याखाली पसरलेल्या पेठा पायी फिरल्या की शहराची ही रचना ध्यानात येते. त्यांच्या रंगमहालाचं आज बघण्याजोगं फार काही उरलेलं नाही. त्या काळचं बांधकाम बघायचं तर साताऱ्यापासून 15-16 किलोमीटरवर लिंबला जावं. तिथली बारा मोटेची विहीर शके 1641 ते 1646 दरम्यान, म्हणजे 1719-24 मध्ये, वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट रुंद, आणि तिच्या पोटात कोरीव खांबांचा छोटा महाल. शाहूकाळातली राजेशाही इथे जेवढी हाताला लागते तेवढी शहरात लागत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात मात्र काठ शेवाळतो. मोटा लावायच्या जागी जपून उभं राहावं.

15 डिसेंबर 1749 ला शाहू वारले आणि कारभार पुण्याला गेला. पुढच्याच वर्षी ताराबाईंनी शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांना किल्ल्यावर कैदेत टाकलं. नंतरचे छत्रपतीही पेशव्यांच्या देखरेखीखालीच राहिले. पुण्यात वाड्यांमागून वाडे उभे राहत होते, त्या सत्तर वर्षांत साताऱ्यात तसं बांधकाम दिसत नाही ते यामुळे. शिक्का साताऱ्याचा असला तरी खजिना पुण्याचा होता.

म्हणून आज जे दोन राजवाडे शेजारी-शेजारी दिसतात ते दोन्ही इंग्रजी अमलातले आहेत. 1818 मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं आणि शेजारी रेसिडेंट, म्हणजे आपला प्रतिनिधी, ठेवला. पहिला ग्रँट डफ. जुना राजवाडा 1824 चा. नव्याचं काम 1838 मध्ये निघालं, पण पुढच्याच वर्षी प्रतापसिंहांवर कटाचा आरोप ठेवून त्यांना काशीला पाठवलं. 1844 मध्ये वाडा पुरा झाला तेव्हा गादीवर त्यांचे भाऊ शहाजी होते. ते 1848 मध्ये वारले, डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि संस्थान खालसा झालं. नव्या राजवाड्याने दरबार पाहिला तो जेमतेम चार वर्षं. पुढे त्यात कोर्ट भरलं, जुन्यात सरकारी हायस्कूल. 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव आंबेडकरांचं नाव याच शाळेच्या पटावर चढलं, आणि महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

बघण्याचा क्रम असा ठेवावा. एसटी स्टँडवरून राजवाड्याला जाणाऱ्या गाड्या वरचेवर असतात. राजवाड्यापासून अदालतवाडा चालत दहा मिनिटं. त्याच्या बाजूच्या वाटेने गडाच्या डांबरी रस्त्याला लागायचं, तिथून किलोमीटरभर चढ. गाडी दरवाजापर्यंत जाते, पण चालत गेलं तर शहर खाली सरकताना दिसतं. मुख्य दरवाजा आणि दोन्ही बाजूंचे बुरुज शाबूत आहेत. आत प्रसारभारतीचे मनोरे, पुढे ताराबाईंच्या वाड्याची जोती, कोठार आणि टोकाला मंगळाई. तटावरून फेरीला दीड तास धरावा. पिण्याचं पाणी खालूनच न्यावं. बहुतेक जण मनोऱ्यांपाशीच फोटो काढून परततात आणि वेढ्याचा बुरुज राहून जातो. हवा स्वच्छ असेल तर सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर आणि चंदन-वंदन ओळखू येतात.

राजवाड्यांच्या आत जायला मिळेलच असं नाही, तिथे जाऊन विचारावं. जलमंदिर हे राजघराण्याचं राहतं घर आहे, त्यामुळे फाटकापाशी गर्दी करू नये. वेळ उरला तर पूर्वेला पाचेक किलोमीटरवर संगम माहुली आहे. कृष्णा-वेण्णेच्या काठी ताराबाईंची आणि शाहूंची समाधी आहे, आणि शाहूंच्या लाडक्या कुत्र्याचीही. पाणी वाढलेलं असताना घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरू नये.