अक्षय ऊर्जेच्या कृतिशिक्षणासाठी शिक्षक प्रशिक्षण

ऊन, वारा, वाहते पाणी आणि जैविक कचरा यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेचे पाठ विद्यार्थ्यांकडून उपकरणे बनवून आणि मोजमापे घेऊन करवून घेता यावेत, यासाठी शालेय शिक्षकांना दिले जाणारे प्रशिक्षण. पाठ्यपुस्तकांत या स्रोतांना बराच काळ ‘अपारंपरिक’ म्हटले गेले. उफणणीचा वारा आणि वाळवणाचे ऊन ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले, त्यांना हे विशेषण विचित्रच वाटावे.

पुणे परिसरात या कामाला जुनी बैठक आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस हाताने काम करतात, आणि ऊर्जा व पर्यावरण हा त्याच्या चार विभागांपैकी एक आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘आरती’ या संस्थेने स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र विकसित केले, तर आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेने टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी बनवण्याची सवय अनेक शिक्षकांना लावली.

प्रशिक्षणाचा खरा कस व्होल्ट व विद्युतधारा मोजणारा मल्टिमीटर हातात आल्यावर लागतो. सौर घट (प्रकाशापासून वीज देणारी चकती) जेवढा मोठा तेवढे व्होल्ट अधिक, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात सिलिकॉनचा सौर घट लहान असो वा मोठा, भारावाचून (दिवा, मोटार असे काही न जोडता) सुमारे ०.५ ते ०.६ व्होल्टच देतो आणि आकारमान व प्रकाश यांनुसार बदलते ती मुख्यतः विद्युतधारा. अर्धा घट पुठ्ठ्याने झाकला की व्होल्टचा आकडा फारसा हलत नाही, धारा मात्र जवळपास निम्म्यावर येते. आणि एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडलेल्या घटांपैकी एकच पूर्ण झाकला, तर साध्या पॅनेलमध्ये साऱ्या ओळीची धारा जवळजवळ थांबते. घटाची दोन टोके थेट अँपिअरमापकाला जोडताना शिक्षकांचा हात अडखळतो. ही भीती हसण्यावारी नेऊ नये, कारण बॅटरीच्या बाबतीत ती अगदी रास्त आहे. सौर घटाची धारा त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशानेच मर्यादित होत असल्यामुळे येथे तेवढा धोका नसतो.

पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने स्थिर पॅनेल साधारण तेवढ्याच कोनात दक्षिणेकडे कलते ठेवतात, आणि हा कोन कंपासपेटीतील कोनमापक, दोरा व दगड यांनी मोजता येतो. मेच्या मध्यास येथे भरदुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैअखेरीस हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते. सौरविषयक कार्यशाळा उन्हाळी सुटीत घेणे म्हणूनच सोयीचे ठरते.

पवनऊर्जेसाठी खेळण्यातील मोटारीला पाती लावून एलईडी पेटवतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते, हे सूत्र टेबलफॅनसमोर ढोबळपणे जाणवते. गच्चीवर मात्र आकडे सतत नाचतात आणि आलेख वेडावाकडा येतो. बायोगॅस दोन-तीन दिवसांच्या शिबिरात मावत नाही, त्यामुळे शेणाची बाटली व फुगा आधीच लावून ठेवावे लागतात. सुरुवातीच्या वायूत कार्बन डायऑक्साइड बराच असल्याने तो पेटत नाही, आणि प्रयोग फसला असे समजून बाटली रिकामी केली जाते. खरे तर आणखी काही दिवस थांबणे पुरेसे असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक विकास प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे, पण तासांची नोंद झाली तरी साहित्य कपाटात कुलूपबंद राहू शकते. याचे कारण पुष्कळदा क्षुल्लक असते: मल्टिमीटरचा फ्यूज उडालेला असतो किंवा त्याची नऊ व्होल्टची बॅटरी संपलेली असते. तयार संच वाटण्यापेक्षा शिक्षकांना बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत नेऊन मोटार, एलईडी, वायर आणि जादा फ्यूज त्यांनाच निवडू देणे अधिक उपयोगी, कारण काय बिघडले आणि ते कोणत्या दुकानात मिळेल, ही दोन्ही उत्तरे मग त्यांच्याकडेच असतात.