भेग न रेखाटता भेगेचं गणित

कोयना परिसरात गोठणे इथे 2016-17 मध्ये तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. वरचा साधारण सव्वा किलोमीटर आपला ओळखीचा काळा कातळ, बेसॉल्ट. त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइट आणि नाइस हा पट्टेदार खडक. कोयनेचे भूकंप मुख्यतः या खालच्या खडकात होतात, आणि तो जागोजागी भेगाळलेला आहे. अशा खडकातून भूकंपलहर कशी जाते हे कॉम्प्युटरवर पाहायचं, तर पहिली अडचण आकारमानाची येते.

ग्रॅनाइटमध्ये एस-लहर, म्हणजे खडकाला आडवं हलवत जाणारी भूकंपलहर, सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर धावते. सेकंदाला 10 कंपनं धरली, तर तरंगलांबी 350 मीटर. भेगेची रुंदी मात्र मिलिमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही कमी. फायनाइट डिफरन्स या रुळलेल्या पद्धतीत खडक छोट्या घरांत विभागतात, प्रत्येक घराचा वेग आणि ताण नोंदवतात आणि शेजारच्या घरांशी असलेल्या फरकावरून पुढच्या क्षणाचे आकडे काढतात. भेग दिसावी म्हणून मिलिमीटरची घरं केली, तर एका घन किलोमीटरला 1 वर 18 शून्यं इतकी घरं लागतील. शिवाय घर लहान केलं की काळाचं पाऊलही लहान करावं लागतं, नाहीतर आकडे भडकतात. ही अट कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी 1928 मध्येच, म्हणजे आजच्यासारखे कॉम्प्युटर यायच्या आधी, मांडली होती. घराची बाजू निम्मी करा, घरं आठपट होतात, काळाची पावलं दुप्पट, म्हणजे काम 16 पट वाढतं.

भूभौतिकशास्त्रज्ञ मायकेल शोनबर्ग यांनी 1980 मध्ये यातून वाट काढली. भेगेची रुंदी शून्यच धरा, म्हणाले. तिच्या दोन्ही बाजूंना ताण सारखाच. पण एक बाजू दुसरीपेक्षा किंचित जास्त सरकते. हा सरकण्यातला फरक म्हणजे ताण गुणिले भेगेचा मऊपणा. बस, एवढंच! पुढे 1995 मध्ये कोट्स आणि शोनबर्ग यांनी हा मऊपणा भेग ज्या घरांतून जाते त्या घरांच्या गुणधर्मांतच मिसळून टाकला. आता घरं दहा-दहा मीटरची चालतात. घन किलोमीटरला फक्त 10 लाख. साधा लॅपटॉपही ते पेलतो.

एवढ्याशा समीकरणातून बरंच काही निघतं. संथ कंपनं भेग सहज ओलांडतात, जलद कंपनं बरीचशी मागे परततात. तडा गेलेलं मडकं वाजवल्यावर बद्द आवाज येतो, त्यातही तड्यामुळे आवाजाचा वरचा भाग मरतो. भेगेत पाणी असेल तर आणखी गंमत: पाणी दाबाला दाद देत नाही, म्हणून भेगेवर सरळ येणारी पी-लहर, म्हणजे खडकाला पुढे-मागे दाबत जाणारी लहर, जवळपास अडथळ्याविना जाते. आडव्या सरकण्याला मात्र पाण्याचा विरोध नसतो, त्यामुळे एस-लहरीला भेग जाणवतच राहते. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध शोधणाऱ्यांना हा फरक फार मोलाचा.

भेगांचं जाळं वेडंवाकडं असेल तर चौकोनी घरं अपुरी पडतात. तिथे चतुष्फलकांची, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या तुकड्यांची, जाळी आणि डिस्कंटिन्युअस गॅलरकिन पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. तिच्यात दोन तुकड्यांच्या सीमेवर आकड्यांना उडी घ्यायची मुभा मुळातच असते. खर्च अर्थात जास्त. आणि धक्का इतका जोरदार असेल की भेगेच्या कडा एकमेकींवर घासतील, तर मऊपणाचा एक स्थिर आकडा पुरत नाही, घर्षणाचे नियम घालावे लागतात.

पण तो आकडा आणायचा कुठून? प्रयोगशाळेत तो तळहाताएवढ्या नमुन्यावर मोजतात. जमिनीतली भेग दहा-वीस मीटर लांब, कुठे कडा टेकलेल्या, कुठे फाकलेल्या. नमुन्यावरचा मऊपणा जसाच्या तसा तिला लावला, तर पडद्यावरची लहर देखणी दिसेल, पण प्रत्यक्ष भूकंपमापकाच्या नोंदीशी जुळेलच असं नाही. म्हणून हल्ली उलटा हिशेब करतात: नोंद घ्यायची आणि ती जुळेपर्यंत मऊपणा बदलत राहायचा.