तेलाचा डबा आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल
(आमच्या घाण्याच्या ग्राहकांसाठी)

मागच्या हिवाळ्यात एक नाना घाण्यावर आले. खिशातला घडी घातलेला रिपोर्ट काउंटरवर पसरला, एलडीएलच्या, म्हणजे वाईट म्हणतात त्या कोलेस्टेरॉलच्या, आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आते कसं करू भाऊ? तेल बंदच करू का?" त्यांच्याशी बोलताना अर्धा तास गेला. असे रिपोर्ट घेऊन येणारे आता पुष्कळ झालेत, म्हणून ते बोलणं छापून तुमच्या पिशवीत टाकतो आहोत.

आधी एक गोष्ट. शेंगदाणा, तीळ, करडई, सरकी, पाम, कोणत्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच. ते प्राणिजन्य पदार्थांत असतं. म्हणून आमच्या डब्यावर "कोलेस्टेरॉल फ्री" असं आम्ही लिहीत नाही. लिहिलं तर खोटं नाही, पण त्यावरून तुम्हाला काहीच कळत नाही. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच तयार करतं. खाल्लेली चरबी यकृताच्या कामात काय फरक पाडते, ते बघायला हवं.

डाळीवर तर्री तरंगते, पाण्यात मिसळत नाही. रक्तातही चरबी आणि कोलेस्टेरॉल तसे मिसळत नाहीत. म्हणून शरीर त्यांच्याभोवती प्रथिनांचं वेष्टण घालून बारीक गोळ्या बनवतं. त्यांनाच लायपोप्रोटीन म्हणतात. त्यातलं एलडीएल हे कोलेस्टेरॉल अंगभर पोचवतं. एचडीएल उरलेलं गोळा करून यकृताकडे माघारी आणतं. यकृताच्या पेशींवर एलडीएलला पकडून आत ओढून घेणारे रिसेप्टर असतात. ते शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांना १९८५ साली नोबेल मिळालं. आहारात संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड, चरबी जास्त झाली की या रिसेप्टरचं काम मंदावतं. मग एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरून साचायला लागतं. त्याच चरबीच्या जागी असंपृक्त चरबी आली की एलडीएल खाली येतं.

संपृक्त चरबी ओळखायची घरगुती खूण थंडीत दिसते. पौषात सकाळी फडताळ उघडा. तूप दगडासारखं, खोबरेल पांढरं गोठलेलं, आणि शेंगदाण्याचं तेल मात्र धार धरून पडतं, फार कडाका असेल तर जरा गढूळ होतं. १०० ग्रॅममध्ये संपृक्त चरबी ढोबळमानाने अशी: खोबरेलात ८५ च्या वर, तुपात ६० च्या पुढे, पामतेलात निम्मी, सरकीत २५ च्या आसपास, शेंगदाण्यात १७ ते २०, तिळात १५ च्या जवळ, करडईत १० च्या आत. करडई यात सगळ्यांत सरस. तरी भरिताची फोडणी करडईत घाला असं आम्ही सांगणार नाही. बडजीत ठेचलेल्या वांग्यावर शेंगदाण्याच्या तेलाचाच वास हवा. रोजच्या भाज्या करडईत करा, भरीत आणि खिचडीवरचं कच्चं तेल शेंगदाण्याचं राहू द्या. एवढ्यानेही फरक पडतो.

आता आमच्या धंद्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सांगतो. लाकडी घाण्याच्या तेलाला वास असतो, चव असते, रिफाइंड करताना निघून जाणारे काही घटकही त्यात टिकतात. पण त्यातली स्निग्धाम्लं, म्हणजे चरबीचे मूळ घटक, रिफाइंड शेंगदाणा तेलात असतात तीच. एलडीएलच्या हिशेबात दोघांत मोठा फरक नाही. आमचे आप्पा म्हणायचे, "घाण्याचं तेल कितीही खा, बाधत नाही." त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता आणि ते तसंच जेवायचे. त्यांची अँजिओप्लास्टी झाली त्या दिवसापासून हे वाक्य आमच्या घाण्यावर कोणी उच्चारत नाही.

वनस्पती तुपाशी आपल्या खान्देशचं जुनं नातं आहे. आजच्या विप्रोची मूळ कंपनी १९४५ साली अमळनेरात निघाली, ती वनस्पती तूप बनवायलाच. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते घट्ट होतं. ही क्रिया अर्धवट ठेवली की ट्रान्स फॅट तयार होतं. ते काय करतं याची त्या काळी कोणाला कल्पना नव्हती. १९९० साली नेदरलँडमधल्या संशोधकांनी माणसांना तसा आहार देऊन पाहिलं, तेव्हा एलडीएल वाढलेलं आणि एचडीएल घटलेलं आढळलं. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही. तरी खारी, नानकटाई, केळीचे वेफर्स घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. केळी आपल्या रावेर-यावलची असली, तरी तळण पुष्कळदा पामोलिनचं, म्हणजे संपृक्त चरबी जास्त असलेल्या पामतेलाचंच, असतं.

तेल कमी केलं आणि त्या जागी साबुदाणा, मैदा, साखर वाढली, तर फार काही साधत नाही. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, एचडीएल उतरतं. दारूनेही ट्रायग्लिसराइड वाढतं. त्यापेक्षा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, मठ, चवळी, मूठभर दाणे बरे. कडधान्यांतला विरघळणारा चोथा यकृताने पचनासाठी बनवलेली पित्ताम्लं बांधून बाहेर नेतो आणि ती पुन्हा बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं.

राहिला प्रश्न किती खायचं याचा. बैठं काम करणाऱ्याला वरून घेतलेलं तेल-तूप मिळून रोज २० ते २५ ग्रॅम पुरतं, म्हणजे साडेचार ते साडेपाच लहान चमचे. शेतात राबणाऱ्याला जास्त चालतं. चौघांच्या घराला दिवसाला १०० ग्रॅम धरले, तर १५ किलोचा डबा पाच महिने जायला हवा. नानांना विचारलं, तर त्यांच्या घरी तो दोन महिन्यांत संपत होता. शेवभाजीच्या तर्रीत किती जातं ते त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. आम्ही त्यांना पळी बाजूला ठेवून चमचा वापरायला सांगितलं आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र तेल बदललं म्हणून सोडू नका, असं दोनदा बजावलं. काहींचं कोलेस्टेरॉल घराण्यातूनच चढं असतं, तिथे नुसतं पथ्य पुरत नाही.

आता डबा नेताना आम्ही झाकणावर मार्करने तारीख टाकून देतो. रिकामा डबा परत आणाल तेव्हा ती पुसू नका. किती दिवस पुरला ते सोबत बसून मोजू, आणि पाच महिने जात नसेल तर पुढच्या वेळी लहान कॅन घ्या.