न लागलेला ठसका

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी मालिशवाली बाई बाळाच्या नाकात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायची. "पाहा, ठसकाही नाही लागला," म्हणून आजी खूश. गैरसमज नेमका इथेच आहे: ठसका लागला नाही म्हणजे तेल फुफ्फुसात गेलं नाही, असं नसतं. स्वरयंत्राशी द्रव पोहोचला की नवजात बाळ मोठ्यांसारखं खोकत नाही. बहुतेकदा गिळतं, क्षणभर श्वास थांबवतं, कधी हृदयाचे ठोकेही मंदावतात. खोकला पुढे वाढत्या वयात जोर धरतो. त्यात तेल सौम्य, घशाला टोचतच नाही. गुपचूप फुफ्फुसात उतरतं, तिथेच साचतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. नाक फारच चोंदलं, तर डॉक्टरांना विचारून सलाईनचे थेंब टाकावेत.